चार नंबरचं उत्तर

एप्रिलमधल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या मेलेल्या आत्याबद्दल वाईट लिहिणाऱ्या माणसाचे मी आभार मानले. लेखी मानले. उत्तराखाली नाव साहेबांचं होतं. टाइप मी केलं.

कॉमेंट अशी होती : "वाघाच्या घरात शिरायचं आणि वाघाने धरलं की गळा काढायचा. म्हाताऱ्यांना मुद्दाम पुढे पाठवतात हे लोक. मेली तर सरकारी मदत, परत आली तर मोहाची दारू. दोन्हीकडून फायदा."

उत्तर असं होतं : "नमस्कार. आपल्या परखड मताबद्दल मनापासून आभार. लोभ असावा."

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. चष्म्याची काडी स्क्रीनवर टेकवून त्यांनी ती कॉमेंट दाखवली आणि म्हणाले, "याला चार."

मी म्हणालो, "साहेब, ती माझी आत्या आहे."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतो, तूच दे. पत्रकार आहेस की नातेवाईक, एकदा ठरू दे."

खोलीत आणखी तिघे होते. डीटीपीवाल्याचा कीबोर्ड थांबला. कुणी मान वर केली नाही. मी फाइल उघडली, चौथं वाक्य उचललं, कॉमेंटखाली चिकटवलं, बटण दाबलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि केबिनमध्ये गेले.

चार म्हणजे काय ते सांगतो.

मी चंद्रपूरच्या एका दैनिकात सात वर्षं होतो. साहेब तिथले संपादक. पुण्याहून आलेले. दैनिकाच्या संकेतस्थळावर त्यांचा ब्लॉग होता. जंगल, वाघ, पक्षी, ऋतू. वाचक पुण्याचे, नागपूरचे, काही परदेशातले. साहेब आठवड्यातून एकदा लिहायचे. त्यांना लागणारी माहिती मी गोळा करायचो. तालुक्यातल्या वार्ताहरांचे फोन मी घ्यायचो. वाचकांच्या कॉमेंटना उत्तरं मी द्यायचो. साहेबांच्या लॉगिनवरून, साहेबांच्या भाषेत.

रोज तीच तीच उत्तरं लिहावी लागायची, म्हणून मी एक फाइल करून ठेवली. नऊ तयार उत्तरं. एक, कौतुक करणाऱ्यासाठी. दोन, जंगल बघायला कसं यायचं विचारणाऱ्यासाठी. तीन, स्वतःची कविता पाठवणाऱ्यासाठी. चार, कडक बोलणाऱ्यासाठी. असं नऊपर्यंत. साहेबांना फाइल इतकी आवडली की ते नंबरानेच बोलायला लागले. "याला एक. याला तीन. हा नेहमीचा आहे, याला सहा." आमची चूक दाखवणाऱ्या वाचकासाठी त्या फाइलीत नंबर नव्हता. सात वर्षांत तो लागला नाही, असं मला वाटत होतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातला. धानाचं गाव. नाव देत नाही, कारण आत्याची मुलगी तिथेच राहते. आमचं घर बौद्ध मोहल्ल्यात. वडील माजरीला कोळसा खाणीत ठेकेदाराकडे होते, आई त्यांच्याबरोबर. दहावीपर्यंत मी आत्याकडे राहिलो. आत्या मला जेवू घालायची, मारायची, शाळेत पाठवायची. मी पेपरात लागलो तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, "तू लिवतेस म्हणे पेपरात. मंग तुहं नाव काऊन नाई दिसत गा?" मी सांगितलं की बातमीवर 'प्रतिनिधी' असं लिहितात. ती म्हणाली, "म्हंजे मेहनत तुही आन नाव त्या पर्तिनिधीचं." आणि हसली. मीही हसलो.

दैनिकात पहिल्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं. मी माझं आणि वडिलांचं सांगितलं. "आणि पुढे?" मी आडनाव सांगितलं. साहेब म्हणाले, "अच्छा. छान. तुमच्यातली मुलं आता बरं लिहायला लागली आहेत." मी आभार मानले. तेव्हा फाइल नव्हती.

त्याच महिन्यात, सकाळच्या बैठकीत, माझ्या तोंडून निघालं, "मी ती बातमी करून राह्यलो." टेबल हसलं. पुढे कित्येक आठवडे मला बघून कुणीतरी विचारायचं, "काय, करून राह्यला का?" मी बोलणं बदललं. सहा महिन्यांत असं झालं की फोनवर मी कुठला ते कळत नसे. साहेब पाहुण्यांना माझी ओळख करून देताना हे सांगायचे. कौतुकाने.

आता बुधवार. सोमवारच्या आधीचा.

सकाळी सात चाळीसला आमच्या तालुका वार्ताहराचा मेसेज आला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. "एक म्हातारी. मोह वेचताना वाघाने नेली. गेली. नाव नंतर देतो." खाली माझ्या गावाच्या शेजारच्या गावाचं नाव. ते चुकीचं होतं. दोन्ही शिवारं लागून आहेत. पण त्या क्षणी मला ते शेजारचं गाव होतं.

वाघाच्या बातमीचाही साचा असतो. सगळ्या पेपरांत असतो. "सरपणासाठी जंगलात गेलेल्या महिलेवर वाघाचा हल्ला." सरपणाच्या जागी हंगामाप्रमाणे मोहफुलं, तेंदूपत्ता, झाडूसाठी सिंधीची पानं, कधी गुरं. बाकी वाक्य हलत नाही. आपलं संकेतस्थळ सगळ्यांच्या आधी असावं, हा नियम. मी साचा काढला, मोहफुलं घातली, आणि सात त्रेचाळीसला बातमी चढवली : "मोहफुले वेचण्यासाठी जंगलात गेलेली वृद्धा वाघाच्या हल्ल्यात ठार."

वार्ताहराने 'जंगलात' लिहिलं नव्हतं. तो शब्द माझा.

आठ पंचवीसला आत्याच्या मुलीचा फोन आला. सुनंदा. माझ्यापेक्षा मोठी, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. मी तिला बाई म्हणतो, ती मला बाबू.

"बाबू, माय गेली."

मी विचारलं, "कुठी?" म्हणजे कुठल्या गावाला गेली, असं. वाघ माझ्या डोक्यात नव्हता. बातमी चढवून बेचाळीस मिनिटं झाली होती, आणि बातमीतली बाई आणि फोनवरची माय एक आहेत, हे कळायला मला बाईचं रडणं पूर्ण ऐकावं लागलं.

मूल गावावरून जाणारी गडचिरोलीची बस धरली. दुपारी गावात पोचलो. आत्याला तोवर शवविच्छेदनासाठी गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. मी जागा पाहिली.

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. आत्याच्या धुऱ्यावर एक मोह आहे. झाड तिच्या सासऱ्यापासूनचं, सातबारावर त्याची नोंद आहे. मार्च-एप्रिलात पहाटेपासून फुलं गळतात. खालचा पालापाचोळा आधी जाळून जागा स्वच्छ करतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. मग वाकून वेचायचं. तास, दोन तास, वाकूनच. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनवाले सांगतात. झाडाखाली काळा गोल होता. गोलात टोपली उपडी. तिथून आत्याच्या घराचं कौल दिसत होतं. जंगलाची कड दुसऱ्या बाजूला, दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि बैलगाडीचा रस्ता ओलांडून. वाघ तिकडून आला. आत्या तिकडे गेली नव्हती.

त्या दिवशी मी ऑफिसला फोन करून दुरुस्ती सांगितली नाही. सुचलं नाही. ती बातमी माझी आहे, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. त्रिशरण-पंचशील झालं, माती झाली, लोक घरी गेले, तेव्हा. आठवल्यावरही मी फोन केला नाही. शनिवारी हजर झाल्यावर सांगू, असं ठरवलं. ही माझी दुसरी चूक.

शनिवारी पोचलो तर साहेबांचा लेख शुक्रवारीच लागलेला होता. लेखाचं पहिलं वाक्य माझंच होतं, जरा सजवून. "मोहाच्या मादक गंधामागे एक वृद्धा पहाटेच्या जंगलात शिरली..." पुढे वाघाचं घर, माणसाची हाव, आपली मर्यादा आपण कधी ओळखणार. आत्याचं नाव नव्हतं.

मी केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "साहेब, ती जंगलात नव्हती. स्वतःच्या शेताच्या बांधावर होती. माझी बातमी चुकली."

साहेबांनी आधी सांत्वन केलं. पाणी मागवलं. मग म्हणाले, "या लेखाचा सूर जंगलाचा आहे. त्यात शेताचा बांध आणला तर लेखच उभा राहत नाही."

मी बाहेर आलो. रविवारी सुट्टी होती. सोमवारी चार नंबर दिला.

सोमवारी दुपारी बाईचा फोन आला. ती मोबाइलवर वाचते. म्हणाली, "बाबू, तुह्या पेपरच्या साहेबानं त्या मान्साचे आभार मानले गा. माय मेली त्याचे आभार का?"

मी म्हणालो, "पाहतो."

"तू त्याच्याच हापिसात हायेस ना? त्याले सांग ना, का हे काहाडून टाक म्हनून. तुहं आयकन तो."

मी पुन्हा म्हणालो, "पाहतो."

मंगळवारी सरकारी मदतीच्या कागदांसाठी वन विभागाच्या एका कार्यालयात तिला बोलावलं होतं. कोणत्या, ते लिहीत नाही. मी रजा टाकून बरोबर गेलो. लिपिकाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मजकूर : माझी आई मोहफुले वेचण्यासाठी राखीव वनात गेली असता. खाली सहीची जागा. कागदाला एक कात्रण टाचलेलं होतं. आमच्या दैनिकाचं, माझ्याच बातमीचं. 'प्रतिनिधी, गडचिरोली.'

बाईने कागद दोनदा वाचला. म्हणाली, "माही माय जंगलात गेलीच नोती. मी कायले लिवून देऊ?"

लिपिक म्हणाला, "बाई, पेपरात छापून आलं न. आता तुम्ही दुसरंच सांगून राह्यले. आमी काय समजावं?"

"पेपरवाला पाहाले आल्ता का?"

"ते मले काय माहीत? छापलं हाये."

"मायले वाघाच्या तोंडातून मी सोडवलं का पेपरवाल्यानं? इळा घेऊन मी धावली. त्यालेच बोलवा मंग सहीले."

दाराशी बसलेला चौकीदार हसला. लिपिकही थोडा हसला. म्हणाला, "सही नाई केली त फाइल इथीच राह्यते. मंग माह्या नावानं बोंबलू नका."

बाईने सही केली नाही. कागद परत सरकवला. मी तिच्या उजव्या बाजूला उभा होतो. माझ्या खिशात दैनिकाचं ओळखपत्र होतं. मला कुणी काही विचारलं नाही. मी काही बोललो नाही.

बसस्टँडवर रसवंतीत बसलो. तिथे सांगितलं.

"बाई, ते म्याच लिवलं."

"काय?"

"जंगलात गेली म्हणून. मले तवा मालूम नोतं, कोन मेली ते."

तिने ग्लास खाली ठेवला.  मग विचारलं, "दुसऱ्याची माय असती त चाललं असतं का?"

मी उठून रसाचे पैसे देऊन आलो.

"आन ते आभार?"

"ते बी म्याच."

बस लागली. ती चढली. खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. मी ती बस सोडली आणि नंतरच्या बसने चंद्रपूरला आलो.

सात वर्षं मी रोज हेच काम केलं होतं. कोण मेलं ते कळायच्या आधी ती कुठे मेली ते मला माहीत असायचं. साच्यात लिहिलेलं असायचं. ज्यांना जंगल फक्त बघायचं असतं, त्यांना आमची माणसं तिथे घुसखोर वाटतात. आणि त्यांना तसं वाटावं म्हणून लागणारं पहिलं वाक्य आमच्यातलाच एक माणूस, खुर्चीत बसून, तीन मिनिटांत पुरवत होता. त्याबद्दल त्याच्या शुद्ध बोलण्याचं कौतुक होत होतं. हे मला त्या बसमध्ये कळलं. उशिरा कळलं. कुणाच्या भाषणाने कळलं नाही, बाईच्या एका प्रश्नाने कळलं.

बुधवारी मी कामावर गेलो नाही. गुरुवारी साडेदहाला पोचलो. साहेब म्हणाले, "बऱ्याच कॉमेंटी साठल्यात. आधी त्या उरक."

मी कागद पुढे ठेवला. दुरुस्तीच्या दोन ओळी. म्हणालो, "साहेब, ही दुरुस्ती लेखाखाली आणि छापील अंकात लागली पाहिजे. बातमी माझी होती, चूक माझी आहे, तसं लिहिलं आहे. तुमच्यावर काही येत नाही."

साहेबांनी वाचलं. "तू फार जवळून बघतोयस."

"जागा जवळूनच बघावी लागते."

"हे बघ, तुमच्याकडे भावना पटकन पेटतात. मी समजू शकतो."

"तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, साहेब?"

"गैरसमज करून घेऊ नकोस."

"कुणाकडे?"

साहेबांनी कागद घडी करून मला परत दिला. "कॉमेंटी उरक. संध्याकाळी बोलू."

मी जागेवर आलो. साहेबांचं लॉगिन बंद केलं. स्वतःचं उघडलं, जे सात वर्षांत कधी वापरलं नव्हतं. पूर्ण नाव लिहिलं. आडनाव लिहिलं. गाव लिहिलं. बारा वाजून पाच मिनिटांनी लेखाखाली ही कॉमेंट टाकली :

"दुरुस्ती. या लेखातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे. वाघाच्या हल्ल्यात मरण पावलेली स्त्री जंगलात गेलेली नव्हती. ती स्वतःच्या मालकीच्या शेतात, बांधावरच्या स्वतःच्या झाडाखाली होती. चुकीची बातमी मी दिली. जागा न बघता दिली. याच पानावर आभार मानणारी उत्तरंही मीच लिहिली आहेत. ती मी मागे घेतो. मृत स्त्री माझी आत्या आहे."

चार मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. मग येतच राहिली. मी एकेकाला उत्तर देत गेलो. नऊंपैकी एकही नंबर वापरला नाही.

'वनवेडा' नावाच्या माणसाने लिहिलं, "पुरावा?" मी लिहिलं, "सातबारा. झाडाची नोंद त्यात आहे. प्रत माझ्याकडे आहे."

दुसऱ्याने लिहिलं, "आडनाव वाचलं. सगळं समजलं." मी लिहिलं, "आडनाव बरोबर आहे. जागा चुकली आहे. जागा : शेताचा बांध."

तिसऱ्याने लिहिलं, "सवलतीवर खुर्चीत बसलेले आता वाघाला कायदा शिकवणार." मी लिहिलं, "वाघाबद्दल माझी तक्रार नाही. बातमीबद्दल आहे. ती बातमी मी लिहिली."

चौथ्याने आत्याबद्दल जे लिहिलं ते इथे देत नाही. त्यालाही मी जागाच लिहिली.  दोनदा चुकीचं अक्षर पडलं, दोनदा पुसून बरोबर केलं. जिच्याबद्दल हे चाललं होतं तिला वाचता येत नव्हतं, आणि मी माणसांमागून माणसांना सांगत होतो की ती तिच्या शेतात होती, तिच्या शेतात होती. कुणी ऐकत होतं की नाही, मला माहीत नाही. थांबलो तर पुन्हा तेच वाक्य उरेल, एवढंच डोक्यात होतं.

पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "मग मूळ लेख दुरुस्त का होत नाही?" सगळ्यात आधी ती कॉमेंट गेली. मी बघत असताना गेली. मग माझ्या एकेक करून गेल्या. एक चाळीसला कॉमेंटची सोय बंद झाली. आभाराची उत्तरं जागेवर राहिली.

साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. "वैयक्तिक कारणाने राजीनामा देतो, असं लिहून दे. पुढे कुठे अडचण यायला नको तुला."

मी लिहून दिलं. कारणाच्या जागी लिहिलं : "मी दिलेली बातमी चुकीची होती आणि ती दुरुस्त करू दिली गेली नाही."

"हे मी घेणार नाही."

"बरं." मी तो कागद दुपारी रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आली आहे.

चंद्रपुरात पेपरची कार्यालयं मोजकी. मी तीन ठिकाणी गेलो. साहेबांचा फोन माझ्या आधी पोचला होता, हे मला दोघांनी तोंडावर सांगितलं. तिसऱ्याने सांगितलं नाही, चहा पाजला आणि म्हणाला, "वाचकांशी भांडणारा माणूस कोण ठेवेल, भाऊ?" आज मला नोकरी नाही. ज्या कामाशिवाय मला दुसरं काम येत नाही, ते काम या शहरात मला कुणी देत नाही.

वन विभागाच्या त्या कार्यालयात मी स्वतःचं लेखी निवेदन दिलं. कात्रणातली बातमी माझी आहे, मी जागा बघितली नव्हती, नंतर बघितली, ती शेताचा बांध आहे. सातबाराची प्रत जोडली. तोच लिपिक होता. त्याने वाचलं, मग विचारलं, "म्हंजे त्या दिवशी तुम्हीच उभे होते न बाजूले?"

"हो."

"मंग तवा काऊन नाई बोलले?"

मी म्हणालो, "भ्यालो होतो."

त्याने शिक्का मारून पोच दिली. फाइल अजून पुढे गेलेली नाही. बाई माझ्याशी फाइलीपुरतं बोलते. "काई आलं का?" "नाई." "बरं." फोन ठेवते.

नोकरी गेल्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्याच जुन्या बातम्या काढल्या. साच्यातल्या. जंगलात गेलेली महिला, जंगलात गेलेला गुराखी, जंगलात गेलेली वृद्धा. त्यातल्या एकाही जागी मी गेलो नव्हतो. सगळ्या फोनवरून. यादी केली आणि निघालो. जिथे बस जाते तिथे बसने, पुढे मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी. प्रत्येक घरी जायचं, जागा बघायची, दोन वेगळ्या माणसांना विचारायचं, आणि स्वतःच्या नावाने, आडनावासकट, स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचं. कॉमेंट उघड्या ठेवल्या आहेत. जुने वाचक येतात. तेच लिहितात. मी एकेकाला उत्तर देतो. आभार मानत नाही. यादी संपेपर्यंत हेच काम करणार आहे. मध्ये दुसरं काम मिळालं तरी करणार आहे.

पहिल्या घरी बातमी बरोबर निघाली. ती बाई तेंदूपत्त्यासाठी जंगलातच गेली होती. तसं लिहिलं. दुसऱ्या घरी चूक निघाली : तो गुराखी नव्हता, स्वतःच्या शेतातल्या मोटारीचं बटण दाबायला गेलेला शेतमालक होता. तसं लिहिलं. तिसरं घर बंद होतं. कुटुंब कुठे गेलं ते शेजाऱ्यांना माहीत नाही.

चौथं घर परवा केलं. म्हातारा नवरा एकटा राहतो. ओसरीत बसला होता. मी कोण ते सांगितलं.

तो म्हणाला, "तवा कोनी आलं नाई. आता काऊन आले?"

"तवा म्या फोनवरून लिवलं, भाऊ. बरोबर का चूक, ते पाहाले आलो."

"पाहून काय करता?"

"जे असन ते लिवतो."

"लिवल्यानं ते येते का वापस?"

"नाई येत."

 तो काठी घेऊन उठला, मला घरामागे घेऊन गेला आणि जागा दाखवली. नंतर मी शेजारच्या दोन बायकांना वेगवेगळं विचारलं. दोघींनी तीच जागा दाखवली.

माझ्या बातमीत त्याची बायको सरपणासाठी जंगलात गेली होती. ती घरामागच्या भिंतीवर गोवऱ्या थापत होती.